नाण्यांची निगा आणि समईची लकाकी

श्रावण सरत आला आणि चतुर्थीचे दिवस जवळ आले, की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील घरांच्या मागील अंगणात धातूच्या वस्तूंची रास दिसू लागते. माळ्यावरच्या समया, लामणदिवे, तांब्याची भाणे, पितळेची ताम्हने, पंचपाळी, घंटा साऱ्या विहिरीपाशी येतात. चिंच, बिमली, आमसुले, राख, नारळाचे सोडण अशी सामग्री जमते, आणि घटकाभरात काळवंडलेला धातू सोन्यासारखा झळकू लागतो. पुढे दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, हीच चिंच आणि हीच राख डब्यातील जुन्या रुपयांवरही चालते. समई आणि रुपया, दोन्ही धातूच्याच वस्तू. तेव्हा एकीला जे मानवते ते दुसऱ्यालाही मानवेल, असा आपला समज असतो.

हा समज बरोबर नाही, एवढेच या लेखात आम्हांस सांगावयाचे आहे. समई ही वापरण्याची वस्तू आहे. ती घासल्यावाचून तिचे काम नीट चालत नाही. जुने नाणे ही वाचण्याची वस्तू आहे. ते घासत राहिले तर एके दिवशी ते वाचताच येत नाही. कोणत्या वस्तूला काय मानवते आणि ते का मानवते, हे कळण्यास प्रथम धातू काळवंडतो म्हणजे काय होते, ते पाहिले पाहिजे.

धातू काळवंडतो म्हणजे काय?

डिचोली तालुक्यातील माती तांबडी का, याचे उत्तर विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे. त्या मातीत लोह आहे. पण ते शुद्ध लोखंडाच्या रूपात नसून प्राणवायूशी संयोग पावलेल्या रूपात आहे. भट्टीत मोठी उष्णता देऊन माणूस त्या खनिजातून लोखंड वेगळे काढतो. त्या लोखंडाची विळी पावसाळ्यात ओटीवर राहिली, तर चार दिवसांत तिच्यावर तांबूस भुकटी चढते. हा गंज म्हणजे दुसरे तिसरे काही नसून, लोखंडाने पुन्हा धरलेली मातीची वाट होय. सोन्यासारखे एखाददुसरे अपवाद सोडले तर बहुतेक धातूंचा हा स्वभाव आहे.

प्रत्येक धातूची रीत मात्र वेगळी. तांब्यावर प्रथम तांबूस, मग काळसर थर येतो आणि ओलावा व कार्बन डायऑक्साइड मिळाल्यास हिरवा थर धरतो. चांदीला प्राणवायूचे फारसे भय नाही. तिचे वैर गंधकाशी आहे. हवेतील गंधकयुक्त वायू, अंड्याचा बलक, लोकर, रबर यांच्या सहवासात चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर येतो. पितळ म्हणजे तांबे व जस्त आणि कासे म्हणजे तांबे व कथील. त्यामुळे त्यांच्यावर तांब्याप्रमाणेच काळा-हिरवा रंग चढतो.

आपल्या प्रदेशात ही क्रिया विशेष वेगाने होते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात हवेतील सापेक्ष आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते. त्यात पेडण्याच्या किनाऱ्याकडील गावांत, तेरेखोलपासून मोरजीपर्यंत, वाऱ्याबरोबर समुद्राचे मीठही येते, आणि ओलावा व मीठ एकत्र आले की धातूचे आयुष्य घटते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानी येते. धातूवरील काळा थर हा बाहेरून येऊन बसलेला मळ नव्हे. त्यात त्या वस्तूचाच धातू असतो. तो थर आपण घासून काढतो, तेव्हा वस्तूचाच एक पापुद्रा काढून टाकतो.

चिंच, बिमली आणि राख

आपल्या आज्या-पणज्यांनी शोधलेली साधने शास्त्राला धरूनच आहेत. चिंचेत टार्टारिक आम्ल आहे, लिंबात सायट्रिक आम्ल आहे, आणि बिमलीत ऑक्झॅलिक आम्ल आहे. ही आम्ले तांब्यावरील थर विरघळवितात. त्यात चिमूटभर मीठ घातले की काम अधिक झपाट्याने होते. राखेत क्षार असतात. ते तेलाचा चिकटपणा सोडवितात, आणि तिचे बारीक कण थर खरवडतात. समईला चिकटलेल्या तेलाच्या किटणावर राख आणि काळपटपणावर चिंच, हा क्रम म्हणूनच योग्य आहे.

याची प्रचीती प्रयोगशाळेत सहज पाहता येईल. काळवंडलेल्या तांब्याच्या तारेचे तीन सारखे तुकडे घ्यावेत. एक चिंचेच्या पाण्यात, दुसरा मिठाच्या पाण्यात आणि तिसरा दोहोंच्या मिश्रणात ठेवावा. दर दोन मिनिटांनी तिन्हींचा रंग लिहून ठेवावा. मग तिसरा तुकडा न धुता तसाच वाळवून दुसऱ्या दिवशी पाहावा. सफाईच्या वेळी मदत करणारे मीठ, धुऊन टाकले नाही तर त्याच धातूचा कसा घात करते, ते त्या तुकड्यावरील हिरवट डागांवरून दिसेल.

समई व तांब्याचे भाण स्वच्छ करताना पुढील काळजी घ्यावी. चिंच लावून वस्तू तासन्‌तास ठेवू नये. पितळेतील जस्त आम्लात आधी विरघळते व तांबे मागे राहते, म्हणून फार वेळ ठेवलेली पितळी समई तांबूस, डागाळलेली दिसू लागते. राख चाळून घ्यावी. तिच्यातील खडा किंवा वाळू नक्षीवर ओरखडे पाडते. तारेच्या घासणीऐवजी काथ्या किंवा जुने कापड वापरावे. शेवटी भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरड्या फडक्याने पुसावे व थोडा वेळ उन्हात ठेवावे. डिचोलीच्या कारागिरांच्या पितळी समया गोवाभर परिचित आहेत; त्यांच्या दांड्यावरील कडी आणि शिखरावरील आकृती यांची रेखीवता टिकवावयाची असेल, तर घासण्याचा जोर सपाट भागावर असावा, नक्षीवर नसावा.

तांब्यापितळेच्या ज्या भांड्यांत अन्न शिजते किंवा आंबट पदार्थ राहतो, त्यांना आतून कल्हई हवीच. नवसागराने तळ स्वच्छ करून त्यावर कथिलाचा पातळ थर चढवितात, ती कल्हई. हा थर फारच पातळ असल्यामुळे आतल्या बाजूला राख-वाळूने घासणे म्हणजे कल्हई काढून टाकणेच होय. ॲल्युमिनियमची गोष्ट निराळी. त्याला आम्लही सोसत नाही आणि सोड्यासारखा क्षारही सोसत नाही. ते साध्या साबणानेच धुवावे. लोखंडी विळी किंवा अडकित्ता यांचा गंज काढून, पूर्ण वाळवून, वर तेलाचा हात फिरवावा.

चांदीच्या साध्या, नव्या वाट्या-पेल्यांसाठी न घासता स्वच्छ करण्याची एक रीत आहे. पसरट भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा अंथरावा, त्यावर चांदीची वस्तू टेकवून ठेवावी, आणि धुण्याचा सोडा व थोडे मीठ घातलेले गरम पाणी ओतावे. चांदीशी जडलेला गंधक ॲल्युमिनियमच्या योगाने सुटतो व काळा थर पुन्हा चांदी होतो. या वेळी कुजक्या अंड्यासारखा वास येतो. म्हणून खिडक्या उघड्या असाव्यात, भांड्यावर झाकण घालू नये आणि जवळ मोठे माणूस असावे. खडे जडविलेल्या, आत लाख भरलेल्या, किंवा नक्षीच्या खोबणीत मुद्दाम काळेपणा राखलेल्या दागिन्यांना ही रीत वापरू नये. जुन्या नाण्यांना तर नाहीच. या रीतीने मागे राहणारा पृष्ठभाग निस्तेज व सच्छिद्र होतो.

नाणे वेगळे का?

नार्वे हे डिचोली तालुक्यातील गाव तेथील श्रीसप्तकोटीश्वराच्या देवालयामुळे सर्वांना ठाऊक आहे. मूळ देवस्थान दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात त्याचा विध्वंस झाल्यावर देव नदीपलीकडे नार्व्यास आला, आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. या देवाची थोरवी सांगणारा आणखी एक साक्षीदार आहे, आणि तो एका पेराएवढाही नाही. बाराव्या-तेराव्या शतकांतील गोव्याच्या कदंब राजांची सोन्याची नाणी ती हीच. त्यांवर एका अंगाला सिंह आहे, आणि दुसऱ्या अंगाला नागरी अक्षरांत, आपल्याला सप्तकोटीश्वराच्या चरणी वर लाभला, असे बिरुद राजाने कोरविले आहे. दिवाडीचे मूळ देऊळ पडले. पण कदंब राजांनी कोणत्या देवाला आपले मानले, हे त्या इवल्याशा अक्षरांनी आजवर सांगितले.

आता त्या अक्षरांची उंची किती असेल, याचा विचार करावा. नाण्यावरील अक्षर सभोवतालच्या पृष्ठभागाहून केसभरच वर असते. सोन्याला गंज चढत नाही हे खरे. पण सोने मऊ असते, आणि राखेचा एक कण त्यावर ओरखडा पाडण्यास पुरेसा होतो.

गोव्याच्या नाण्यांचा इतिहास मोठा आहे. १५१० साली आल्फोन्सो द आल्बुकेर्क याने गोवा जिंकताच येथे टाकसाळ घातली. पुढे शेराफी, टांगा, बझारूक अशी नाणी चालली. डिचोली व सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीज सत्तेखाली गेले. तोपर्यंत हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. १८८१ साली राजा लुईश याच्या मुद्रेचा चांदीचा रुपिया निघाला. तो वजनाने व कसाने इंग्रजी हिंदुस्थानच्या रुपयासारखाच, म्हणजे ११.६६ ग्रॅम आणि हजारी ९१७ शुद्धतेचा होता. सोळा टांगांचा एक रुपिया असा हिशेब असे. १९५८ साली एस्कुदो व सेंतावो यांची नाणी पाडण्यात आली. त्यांत दहा व तीस सेंतावोंची नाणी कांस्याची, आणि एक, तीन व सहा एस्कुदोंची नाणी तांबे-निकेलच्या मिश्रणाची होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर भारतीय रुपया आला. पणजी-आजोबांच्या डब्यातील चार-दोन नाण्यांत एवढा सारा इतिहास एकत्र नांदत असतो.

घासण्याने किती हानी होते, हे गणिताने पाहू. चांदीच्या जुन्या रुपयाचा व्यास सुमारे ३० मिलिमीटर आहे. एका बाजूचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर, दोन्ही बाजूंचे मिळून १४. समजा, एका वेळच्या घासण्याने प्रत्येक बाजूचा एक सहस्रांश मिलिमीटर जाडीचा थर गेला. तर गेलेल्या धातूचे घनफळ ०.००१४ घन सेंटिमीटर आणि वजन सुमारे १५ मिलिग्रॅम भरते. हे अगदीच नगण्य वाटेल. परंतु पन्नास दिवाळ्यांत पाऊण ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नाण्याच्या वजनाचा सोळावा हिस्सा जाईल. आणि ही झीज सर्वत्र सारखी न होता सर्वांत वर आलेल्या भागावर, म्हणजे राजाच्या मुखावर, अक्षरांवर आणि सालाच्या आकड्यांवर अधिक होईल. नाणे उरेल, पण ते कोणाचे व केव्हाचे, हे सांगणारा भाग जाईल.

म्हणूनच नाण्यावरील जुना, घट्ट बसलेला काळसर किंवा गर्द हिरवा थर जाणकार लोक काढीत नाहीत. तो थर आतील धातूचे रक्षण करतो आणि नाण्याच्या वयाची साक्षही देतो. घासून चकचकीत केलेल्या नाण्याला संग्राहकही कमी मोल देतात.

नाणे स्वच्छ करावयाचेच असेल तर

मातीने किंवा हळदकुंकवाने माखलेले नाणे थोडे स्वच्छ करणे कधी आवश्यक असते. त्यासाठी पुढील क्रम निर्धोक आहे.

पहिली गोष्ट, नाणे नेहमी कडांनी धरावे. बोटांच्या घामातील मीठ व तेल यांचे ठसे पुढे डागांच्या रूपाने उमटतात. दुसरी गोष्ट, काम मऊ कापड अंथरलेल्या टेबलावर करावे. मग काचेच्या वाटीत ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यात नाणे भिजत ठेवावे. हे पाणी मोटारीच्या बॅटरीसाठी म्हणून दुकानात मिळते. मात्र तेथेच बॅटरीचे आम्लही मिळते, म्हणून बाटलीवरील अक्षरे वाचूनच ती घ्यावी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि किनाऱ्याजवळच्या विहिरींत मीठ असू शकते, म्हणून शेवटची धुणी तरी ऊर्ध्वपातित पाण्याचीच असावी. पाणी रोज बदलून दोन-तीन दिवस भिजवले की माती आपोआप सुटते. तेलकटपणा असल्यास सौम्य साबणाचा एखादा थेंब पुरे. अगदीच आवश्यक वाटल्यास मऊ केसांच्या कुंचल्याने हलकेच झटकावे. शेवटी सुती कापडावर ठेवून, वरून दुसरे कापड टेकवून पाणी टिपून घ्यावे, पुसू नये. चार-सहा तास कोरड्या जागी राहू द्यावे.

तेवढ्याने जे गेले ते मळ होते. जे राहिले ते नाण्याचे अंग आहे असे समजून थांबावे. या कामातील खरे कौशल्य थांबण्यातच आहे.

जमिनीत सापडलेले नाणे मात्र घरी धुऊसुद्धा नये. ते मातीसह कागदाच्या पुडीत ठेवून, कोठे व केव्हा मिळाले ते लिहून, मामलेदार कचेरीस किंवा पणजीच्या राज्य पुरातत्त्व खात्यास कळवावे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते, हेही ध्यानी ठेवावे. तांब्याच्या किंवा कांस्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, सुटी भुकटी वारंवार येत असेल, तर तो कांस्यरोग होय. धातूत मुरलेल्या क्लोराइडमुळे तो होतो आणि ओलाव्यात वाढत जाऊन नाणे पोखरतो. असे नाणे ताबडतोब बाजूला काढून कोरड्या डबीत ठेवावे आणि जाणकारांचा सल्ला घ्यावा.

काय करू नये

नाणे चकाकावे म्हणून त्यावर पारा चोळण्याचा खेळ पूर्वी काही मुले करीत. पाऱ्याची वाफ विषारी आहे. तो हाती घेऊच नये. सोनाराकडील तेजाब व इतर तीव्र रसायने घरी आणू नयेत. ब्लीचिंगची पूड किंवा तिचे द्रावण चिंच, लिंबू वा इतर आम्लाशी कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू फुप्फुसांस घातक आहे. दात घासण्याची पेस्ट सौम्य वाटली तरी तिच्यात घासणारे कण असतात. ती नाण्यास लावू नये. नाण्यांना तेल चोळून ठेवण्याची चालही चांगली नाही. खोबरेल तेल जुने झाले की आंबते आणि तांब्याबरोबर हिरवा चिकट थर करते.

साठवणही तितकीच महत्त्वाची आहे. नाणी एकमेकांवर आदळतील अशा थैलीत ठेवू नयेत. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांतून क्लोरीनयुक्त द्रव्ये सुटतात व नाण्यांवर हिरवट चिकटा येतो. रबरी पट्ट्या व लोकरीचे कापड चांदीस वर्ज्य. प्रत्येक नाणे आम्लरहित कागदाच्या वेगळ्या पुडीत ठेवून, सर्व पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालाव्यात व आत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवावी. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर डबा उघडून पाहावा. पुडीवर नाण्याचे वजन, व्यास, साल, वाचता आलेली अक्षरे आणि ते घरात कोणाकडून आले, हे लिहावे.

पूजेचा प्रश्न

येथे एक अडचण उभी राहते. लक्ष्मीपूजनात नाण्याला दूध, दही, मध यांनी न्हाऊ घालण्याची आणि हळदकुंकू वाहण्याची आपली रीत आहे. ती सोडा, असे घरातील वडीलधाऱ्यांना सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि तशी गरजही नाही. दह्यातील आम्ल आणि कुंकवाचा रंग जुन्या नाण्याला बाधतात, एवढे मात्र खरे. तेव्हा अभिषेकासाठी चांदीचे एखादे नवे नाणे ठरवून ठेवावे. ते दर वर्षी घासले तरी इतिहासाचे काही जात नाही. जुनी नाणी ताम्हनात विड्याच्या पानावर ठेवून, त्यांवर कोरडे फूल व अक्षता वाहाव्यात. आपल्या पूजेत सुपारीलाही देवत्व देतात. तेथे पडलेल्या फुलाने लक्ष्मी उणी होत नाही. आजीला हे समजावून सांगताना कदंबांच्या नाण्याची आणि नार्व्याच्या देवाची गोष्ट सांगावी. नाण्यावरचे अक्षर हे देवाचेच नाव असू शकते, हे कळल्यावर ते पुसले जावे असे कोणत्या आजीला वाटेल?

चतुर्थीला समई घासावी, ती उजळावी, आणि तिच्या प्रकाशात घर उजळावे. त्याच प्रकाशात डब्यातील नाणी एकेक करून हाती घ्यावीत, भिंगातून त्यांवरील अक्षरे वाचावीत, वहीत उतरून घ्यावीत, आणि जशी होती तशीच परत ठेवावीत. पुढच्या पिढीतील विद्यार्थ्याला तीच अक्षरे वाचता आली, तर आपण आपले काम केले असे समजावे.